कामगारांची संख्या

भुरीबाईने बकऱ्याचा कान धरला, सोडला, पुन्हा धरला.

रकाना तेरा: यंत्रसामग्री. लागू नसल्यास 'नाही' असे लिहावे.

देवगोईच्या घाटात एक मोटारसायकल तिसऱ्यांदा बंद पडली. मागच्या सीटवर फाइल बांधलेली होती, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, आभाळात एक ढग नसताना.

लोखंडाची सुरी लागली की कैरी काळी पडते. स्टीलची लागते.

बारडोलीजवळ अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर उभा राहून जालमसिंग बायकोला फोन लावत होता. लागत नव्हता.

रकाना चौदा: कार्यरत कामगारांची संख्या. तिथे आधी पेनाने लिहिलं होतं, 'पाडा'. मग ते खोडलं होतं.

ममताने खडकावर पाणी शिंपडलं, हाताने पुसलं आणि पुसलेल्या जागेवर पुन्हा पाणी शिंपडलं.

खडक तिच्या घराच्या वरच्या अंगाला होता, काळा, सपाट, उताराकडे जरा कललेला. दरवर्षी चैत्र-वैशाखात त्याच्यावर कैरीच्या फोडी वाळत. काठी गावाच्या पुढचे दोन डोंगर ओलांडल्यावर मोबाइलला रेंज मिळते ती याच खडकावर, तीही मधल्या भागात, उभं राहिलं तर. खाली कैऱ्यांचा ढीग होता. पायवाटेने बाया येत होत्या, प्रत्येकीच्या कमरेला स्वतःची सुरी.

काल संध्याकाळी भुरीबाई घरोघर फिरून एवढंच सांगून आली होती: उद्या आमच्या सुनेकडे लाह. लाह म्हटल्यावर पुढचं सांगावं लागत नाही. ज्याचं काम मोठं त्याच्याकडे पाडा जातो, काम संपवतो, तिथेच जेवतो, हात धुऊन घरी येतो. मजुरी नसते. उद्या दुसऱ्याचं काम निघालं की आज जेऊ घालणारा तिथे कुऱ्हाड नाहीतर विळा घेऊन हजर असतो.

काम मोठंच होतं. सातशे किलो आमचूर, पांढरंशुभ्र, केंद्र सरकारच्या एका दलाच्या भोजनगृहांसाठी. गेल्या हिवाळ्यात नंदुरबारच्या उद्योग साहाय्य केंद्रात ममताला खुर्चीवर बसवून समजावलं होतं. केंद्राच्या खरेदीत लहान उद्योगांचा वाटा राखून ठेवलेला असतो, त्यात आदिवासींचा वेगळा, बायकांचा वेगळा. अनामत रक्कम माफ. आधी कुठे माल पुरवल्याचा अनुभव, तोही माफ. प्रत्येक माफीला ममता मान हलवत राहिली, जणू तिच्या हातून बरेच गुन्हे झाले होते आणि ते एकेक करून सुटत होते. एकच गोष्ट माफ नव्हती, क्षमता. एवढा माल ती खरंच बनवू शकते का, हे दिल्लीचा साहेब व्हिडिओ कॉलवर बघणार होता. आज, दुपारी साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान.

ही ऑर्डर मिळाली तर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाडीत बसायचं नाही आणि जालमसिंगला परत बोलवायचं, असं तिने ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. पण सासूने बकरा दिला होता, म्हणजे तिला कळलं असावं.

ती खडकावरून खाली आली. ढिगाजवळ गेली. एक कैरी उचलून हुंगली, ठेवली. पुन्हा वर गेली.

"अगं बस की एका जागी," सीमा खालून ओरडली. सीमा तिची चुलत जाऊ. "तुला बघून आमच्या कैऱ्या पिकायला लागल्या."

धर्मेंद्र पोहोचला तेव्हा बारा वाजून गेले होते. साहाय्य केंद्रात तो कंत्राटावर होता, शहाद्याकडचा, पंचेचाळिशीचा. डोंगरातल्या अकरा जणांची नावं त्याने आजवर सरकारी खरेदीच्या पोर्टलवर चढवली होती. एकालाही ऑर्डर मिळाली नव्हती. घाबरला की तो अहिराणी बोलायचा आणि फाइल उघडली की मराठी.

तांब्याभर पाणी एका दमात पिऊन त्याने खाली बघितलं. तीस बाया सावलीत गोल करून बसल्या होत्या. सालं उडत होती.

"ताई, ह्या बठ्या बाया कोन शेतस?"

"लाह आहे."

"ते दिसतंय. कागदावर कोण आहेत?"

"कागदावर मी आणि सीमा."

"दोन बायांनी सातशे किलो? साहेब हसेल आणि फोन ठेवेल."

"म्हणून तर लाह बोलावली."

"अहो ताई, लाहले रकाना नही शे ना!"

त्याने फाइल उघडली. मराठी सुरू झालं. "नीट ऐका. साहेबाला तीस बाया काम करताना दिसणार. तो विचारणार, यांना मजुरी किती? तुम्ही सांगणार, काही नाही. मग तो काय लिहील? फुकट राबवून घेतात. वेठबिगार. ऑर्डर राहिली बाजूला, चौकशी लागेल."

"ह्या राबत नाहीत."

"मला ठाऊक आहे. तो दिल्लीत बसलाय, त्याला कसं ठाऊक असणार?" त्याने रकाना चौदावर बोट ठेवलं. तिथे आता निळ्या शाईत अठ्ठावीस लिहिलेलं होतं. "दोघी आजारी धरल्यात. खरं वाटावं म्हणून."

ममता त्या आकड्याकडे बघत राहिली. मग तिची नजर खालच्या घोळक्याकडे गेली. आजारी धरलेल्या दोघी कोण असतील, असा चेहरा झाला तिचा.

"मन्हं नाव भी त्या फाइलवर शे, ताई," तो हळूच म्हणाला.

रकाना पंधरा: कामगारांना वेतन नियमित दिले जाते काय? होय / नाही.

घोळक्याच्या मधोमध फुलीबाई बसली होती. पाड्यात कुणाचं भांडण मिटायचं असेल तर शेवटचा शब्द तिचा असायचा. तिचं घर यंदा पावसाआधी नव्याने उभं करायचं होतं. वासे आणून टाकले होते, कूड विणायचा बाकी होता. तिच्यासमोर सोललेल्या कैऱ्या सगळ्यांपेक्षा जास्त पडल्या होत्या आणि तिची सालं सगळ्यांपेक्षा पातळ होती.

"काकी, एक सांगायचं होतं."

"सांग. हात थांबवायला लावू नकोस म्हणजे झालं."

ममता खाली बसली. उठली. पुन्हा बसली. शेवटी मागे उभा राहिलेला धर्मेंद्रच बोलला.

"मावशी, फोनवर साहेब विचारेल, मजुरी किती मिळते. सांगायचं, अडीचशे रुपये रोज."

क्षणभर सगळ्या सुऱ्या थांबल्या. मग सीमा हसली.

"अडीचशेच? गुजरातेत चारशे देतात. खोटंच बोलायचं तर भाऊ, जरा मोठं तरी बोला."

हशा पिकला. फुलीबाई हसली नाही.

"रोज घ्यायला गुजरात आहे," ती म्हणाली. "पाड्यात रोज कुणी घेतलाय?"

"घ्यायचा नाही मावशी, नुसतं सांगायचं. रोज अडीचशे, काम आठ तास."

"आठ म्हणजे कुठून कुठे?"

धर्मेंद्रने आभाळाकडे हात केला, पूर्वेकडून निघून पश्चिमेच्या कड्यावर आणून थांबवला. "इथून तिथपर्यंत."

"आणि तिथून पुढे?"

"पुढे घरी. दिवस मावळल्यावर बायांना कामावर ठेवत नाहीत. नियम आहे."

फुलीबाईने त्याच्या बोटाच्या टोकापर्यंत नीट बघितलं. "हे सरकारला सांगायचं?"

"हो."

"ह्या सगळ्यांच्या समोर?"

"एक वाक्य आहे, मावशी. एकच."

तिने मान वळवली. त्याच्याकडे नाही, ममताकडे. "तू सांगतेस?"

ममताच्या हाताला एक कैरी लागली होती. ती सोलू लागली. साल तुटली नाही, लांबच लांब होत गेली, मांडीवरून जमिनीला टेकली.

"मी सांगते," ती म्हणाली.

धर्मेंद्रने आणखी एक सुचवलं. सोललेली कैरी पांढरी दिसते, कॅमेऱ्यात चांगली उठून दिसते. कापायचं नंतर बघू, आधी सगळा ढीग सोलून ठेवा. एरवी बाया सोलतात आणि लगेच कापून खडकावर पसरतात. दगडात दिवसभराचं ऊन मुरलेलं असतं. पहिली रात्र त्या उबेवर गेली की फोड पांढरी राहते. सोलून तशीच ठेवलेली कैरी रात्रीत काळी पडते. पण अजून दिवस होता, हात तीस होते आणि लाह होती. त्यांनी सगळा ढीग सोलला.

साडेतीन वाजले. ममताने डोक्याला फडकं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. पावणेचार झाले. धर्मेंद्र खडकाच्या मधोमध हात उंच करून उभा होता. तिने खाली जाऊन बकऱ्याच्या हंडीखालचं जळण सारखं केलं, जे भुरीबाईने आत्ताच सारखं केलं होतं.

"इथून जा," भुरीबाई म्हणाली. "तुझ्यामुळे रस्सा आटतोय."

चारला आठ मिनिटं असताना फोन वाजला.

पडद्यावर एक तरुण साहेब होता. मागे पंखा फिरत होता.

"फॅक्टरी दिखाइए."

"यही है, सर."

"छत?"

धर्मेंद्रने फोन आभाळाकडे धरला. "सोलर ड्राइंग, सर."

"मशीनरी?"

ममताने सुरी वर केली. पातं उन्हात चमकलं.

"मॅन्युअल, सर. स्टेनलेस स्टील."

साहेब काहीतरी लिहीत होता. बायांनी पदर डोक्यावरून घेऊन कानामागे खोचले होते; त्याने ते दोनदा बघितलं आणि मान हलवली. सोललेला ढीग बघून म्हणाला, "कलर अच्छा है."

"अब वर्कर..." साहेब म्हणाला.

"जी सर, बात कर लीजिए." धर्मेंद्रने फोन फिरवला. आता पडदा बायांकडे होता आणि तो फोनच्या मागे, दोन्ही हात डोक्याच्या वर, देवाची पालखी धरावी तसा.

काही ऐकू आलं नाही.

"आवाज उशिरा येतो," तो ममताला म्हणाला. "डोंगर मध्ये आहेत." आणखी वाट बघितली. तो दोन पावलं वर सरकला, एक पाऊल डावीकडे. प्रश्नांची यादी त्याच्या खिशात होती, आणि पाठही होती. साहेबाला ताटकळत ठेवणं बरं नाही, म्हणून त्याने स्वतःच विचारलं, "मावशी, साहेब विचारतात, मजुरी किती मिळते?"

फुलीबाईने सुरी खाली ठेवली. हात लुगड्याला पुसले आणि उभी राहिली. उभं राहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. पंचांसमोर साक्ष देताना माणूस जसा बोलतो तशी ती बोलली. आधी स्वतःचं नाव. मग नवऱ्याचं, रेवजीचं, जे ती एरवी कधी तोंडाने घेत नसे. मग पाड्याचं. मग, मोडक्या मराठीत:

"मी ममताकडे मजूर आहे. अडीचशे रोज. दिवस मावळेपर्यंत."

ती बसली. तिच्या मागोमाग दुसरी उठली, तिसरी उठली. प्रत्येकीने नाव, नवरा, पाडा सांगितला. सीमा उठली तेव्हा ती काहीतरी बोलेल म्हणून दोघीतिघी हसायच्या तयारीत होत्या. तिनेही तेच सांगितलं, शब्दाला शब्द.

"हा साहेब पापणी हलवत नाही गं," मागे बसलेली एक पुटपुटली.

"सरकार आहे," सीमा म्हणाली. "लक्ष देऊन ऐकतंय."

धर्मेंद्रने हात खाली घेतले तेव्हा पडदा काळा होता. त्याने तो दोनदा दाबून बघितला. मग त्याचा चेहरा उजळला.

"व्हई गयं, ताई! त्यानं कट केला. कट केला म्हणजे त्याचं समाधान झालं. प्रश्न असता तर थांबला असता ना?"

दिवस असेपर्यंत घाट उतरायचा होता. मीठ लावलेली एक फोड तोंडात टाकून, फाइल पुन्हा दोन पिशव्यांत बांधून तो गेला. मोटारसायकलचा आवाज दोन वळणांपर्यंत ऐकू आला.

बाया कापू लागल्या. ममता आता धावत होती. फोडी टोपलीत भरायच्या, खडकावर न्यायच्या, एकीला एक लागणार नाही अशा पसरायच्या, रिकामी टोपली घेऊन यायची. जालमसिंगला फोन लावावा असं तिच्या मनात येऊन गेलं. आज नको, उद्या, पक्कं कळल्यावर. खडकाचा वरचा भाग पांढरा झाला. मधला झाला. ढीग निम्म्यावर आला. वारा पडला होता आणि खालून मटणाचा वास येत होता.

सूर्य पश्चिमेच्या कड्याला टेकला, अर्धा झाला आणि गेला.

फुलीबाईने हातातली फोड पूर्ण कापली. ती टोपलीत टाकली. सुरी पुसली आणि उठली. तिच्या शेजारचीने सुरी पुसली. मग पलीकडचीने.

ममता रिकामी टोपली घेऊन उतरली तेव्हा सगळ्या उभ्या होत्या.

"काकी, अजून निम्मा ढीग आहे."

"दिसतोय."

"सोललेल्या आहेत. सकाळपर्यंत काळ्या पडतील."

"पडतील," फुलीबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दुखणाऱ्या गुडघ्यावर तिने हात ठेवला होता, एवढंच. "दिवस मावळला."

"लाह कधीपासून दिवस बघायला लागली?"

"लाह नाही बघत. लाह काम बघते. मजूर दिवस बघतो."

ममता हसली. इतर कुणी हसलं नाही.

"ते तर फोनसाठी होतं, काकी."

"मी फोनला नाही बोलले. माझं नाव घेतलं, त्यांचं नाव घेतलं, पाड्याचं घेतलं. उद्या ते कुणाला बघायला पाठवतील, आणि अंधारात आम्ही बसलेल्या दिसलो, तर खोटी कोण ठरेल? तू." तिने ममताच्या खांद्यावरची सालीची चिरफळी उचलून टाकली. "तुझंच खरं करतेय, बाई."

"मी देईन अडीचशे. ऑर्डर आली की सगळ्यांना..."

"मागितले का कुणी?"

खालून भुरीबाई वर आली होती. हातात पळी होती. तिने बायांकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं आणि काय झालं ते विचारलं नाही. "शिजलंय," ती म्हणाली. "जेवून तरी जा. तीस जणींचं आहे."

कुणी हललं नाही. शेवटी सीमा बोलली, जमिनीकडे बघत. "मजूर घरूनच खाऊन येतो, काकी." आणि ती आपल्याच घराच्या दिशेने, सगळ्यांच्या आधी, चालायला लागली.

ममता फुलीबाईच्या वाटेत उभी होती. टोपली अजून हातात होती. "तुमच्या घराच्या लाहला मी येते ना. कूड मी विणते. तिघींचं एकटी विणते. आधीच्या दिवशी येते, माती कालवायला."

फुलीबाईने सुरी कमरेला खोचली. लग्न होऊन निघालेल्या पोरीच्या डोक्यावर ठेवतात तसा तिने हात तिच्या डोक्यावर ठेवला, आणि काढून घेतला.

"येऊ नकोस," ती म्हणाली. "मालकिणीला कसं बोलवायचं?"

बाया एकामागून एक उतरल्या. पायवाटेच्या वळणापर्यंत त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, कुणाची तरी शेळी, कुणाचा तरी ताप. नेहमीचंच बोलणं होतं.

भुरीबाईने हंडीवर परात झाकली, वर दगड ठेवला. मग ढिगाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली. दोघी कापू लागल्या. ममताचे हात भराभर चालत होते, इतके भराभर की फोडी जाड-बारीक पडत होत्या, आणि पायाशी कैऱ्या होत्या तेवढ्याच दिसत होत्या.

"हळू," भुरीबाई म्हणाली.

व्हिडिओ कॉल चार वाजून सात मिनिटांनी तुटला होता. फुलीबाई उभी राहिली तेव्हा चार वाजून बारा मिनिटं झाली होती.